गळ आणि जाळे

कोळ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाने गळाने मासे पकडायला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी शिकावे, आणि तेही अमेरिकेत जाऊन, हे ऐकले की आमच्या पाचूबंदरात लोक हसतात. हसणारच. ज्या किनाऱ्यावर लहान पोरेसुद्धा बोंबील कोणता आणि मांदेली कोणती हे न बघता नुसत्या स्पर्शाने सांगतात, तिथे एक धर्मगुरू हातात लांब काठी घेऊन, गळाला पिसे बांधून खाडीच्या तोंडाशी उभा राहतो. आणि मासा लागलाच तर तो पुन्हा पाण्यात सोडून देतो. माझा थोरला भाऊ अजून मासेमारी करतो. त्याने ही हकिगत प्रथम ऐकली तेव्हा तो हसला नाही. त्याने एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नाचे उत्तर मला आजही पुरतेपणी देता येत नाही, म्हणूनच हा लेख लिहायला बसलो आहे.

आमच्या वडिलांची डोल होती. ज्यांना डोल ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : समुद्राच्या तळात खुंट रोवून त्यांना पिशवीसारखे लांबट जाळे बांधतात. जाळे माशामागे जात नाही. पाण्याच्या ओढीबरोबर मासा जाळ्यात येतो. म्हणून डोलकराचे सारे जीवित पाण्याच्या ओढीवर उभे असते. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. उधाणाला जाळे भरते, भांगाला घरी बसून ते दुरुस्त करायचे. हे पंचांग वडिलांच्या अंगात होते. ओट्यावर बसून, पायाच्या अंगठ्यात जाळ्याची कड अडकवून ते विणत असत, आणि मी शेजारी बसून शाळेचा अभ्यास करीत असे. मी जाळ्याला हात लावला की ते म्हणत, “तुझे हात पुस्तकाचे. राहू दे.” त्यात कौतुक होते, हे मला तेव्हा समजत होते. त्यात थोडे दुःखही असावे, हे फार उशिरा समजले. पुढे मी सेमिनरीत गेलो. तत्त्वज्ञान झाले, ईशज्ञान झाले, नव्या कराराचे ग्रीकही थोडेफार झाले. वडील २००९ साली गेले. तोवर मी त्यांना समुद्राविषयी एकही प्रश्न विचारलेला नव्हता.

२०१६ साली मला मासेच्युसेट्स राज्यातील केप कॉडच्या एका लहान धर्मग्रामात तीन वर्षांच्या सेवेसाठी जावे लागले. केप कॉड म्हणजे अटलांटिक महासागरात कोपरातून वाकवलेल्या हातासारखे घुसलेले एक वाळूचे भूशिर. तिथल्या भाविकांत पोर्तुगीज वंशाची कुटुंबे पुष्कळ. त्यांचे पूर्वज अझोर्स बेटांवरून व्हेलच्या शिकारीच्या जहाजांवर खलाशी म्हणून आले आणि तिथेच राहिले. पहिल्याच रविवारी मिस्सेनंतर एक वृद्ध सुतार मला भेटायला आला आणि माझे नाव ऐकून खदखदून हसला. कारण आमचे दोघांचे आडनाव एकच निघाले. त्याला ते बेटावरच्या पूर्वजांकडून मिळालेले, आणि मला १५३४ ते १७३९ या काळात वसईवर असलेल्या पोर्तुगीज अमलातून. पुढे तीन वर्षे तो मला ‘चुलतभाऊ’ म्हणत असे आणि मी त्याला मनातल्या मनात आजोबा म्हणत असे.

माझे वडील कोळी होते हे समजल्यावर त्याने विचारले, “तुमच्याकडे भरती किती चढते? ओहोटीला पाणी कोणत्या बाजूने आधी सुटते?” मला सांगता येईना. ग्रीक क्रियापद मी सर्व काळांत चालवून दाखवले असते. परंतु ज्या पाण्याने मला लहानाचे मोठे केले, त्याची ओढ मला माहीत नव्हती. त्याने माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिले आणि म्हणाला, “मग शनिवारी या. मी शिकवतो.”

तो जे शिकवणार होता त्याला फ्लाय फिशिंग म्हणतात. फ्लाय म्हणजे माशी. युरोपातील नद्यांमध्ये ट्राउट नावाचा मासा पाण्यावर पडणाऱ्या माश्या आणि कीटक खातो. त्याला फसवण्यासाठी गळाला पिसे व दोरा बांधून खोटी माशी करण्याची कला फार जुनी आहे. इंग्रजीत या विषयावरचा एक प्रबंध १४९६ साली छापला गेला. परंपरेने तो ज्युलियाना बर्नर्स नावाच्या एका मठाध्यक्षा भगिनीच्या नावावर आहे. आधुनिक अभ्यासक ती परंपरा फारशी मानत नाहीत. पण ग्रंथात बारा माश्या कशा बांधाव्यात हे सांगितले आहे आणि हावरटपणाने फार मासे धरू नयेत असा उपदेशही केला आहे, हे मात्र खरे. समुद्रात हाच प्रयोग करणे ही पुष्कळ अलीकडची गोष्ट. जो ब्रुक्स यांचे खाऱ्या पाण्यातील फ्लाय फिशिंगवरचे पुस्तक १९५० सालचे. समुद्रातला मासा माश्या खात नाही. तो लहान मासे, कोळंबी आणि खेकडे खातो. तेव्हा तिथली ‘माशी’ ही नावाचीच माशी. वस्तुतः ती बोटभर लांबीची पिसांची मासोळी असते.

या पद्धतीतली गंमत वजनात आहे. साध्या गळाने मासेमारी करताना शिसे जड असते आणि ते आपल्यामागे दोरी ओढत नेते. इथे उलट. पिसांच्या मासोळीला वजन जवळजवळ नाहीच. जड असते ती लाइन. ती लाइन हवेत मागे न्यायची, मागे ती पूर्ण सरळ होऊ द्यायची, आणि मग पुढे फेकायची. तिच्यामागून मासोळी आपोआप जाते. आजोबाने मला नऊ फूट लांबीची, नऊ क्रमांकाची काठी दिली. समुद्रावरच्या वाऱ्यासाठी नवशिक्याला ती बरी. रिळावर आधी दोनशे यार्ड बारीक मजबूत दोरी, तिच्यावर जाड लाइन, आणि लाइनीच्या टोकाला नऊ फुटांचा पारदर्शक धागा, म्हणजे माशाला लाइन दिसू नये. घरी परतल्यावर काठी, रीळ, लाइन सगळे गोड्या पाण्याने धुवायचे. नाहीतर मीठ दोन महिन्यांत रीळ खाऊन टाकते.

पहिला महिना मी समुद्र पाहिलाच नाही. चर्चच्या मागच्या हिरवळीवर, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून, मी लाइन फेकायला शिकत होतो. नवशिक्याची चूक नेहमी एकच : तो जोर लावतो. मी मनगटाने झटके देत असे आणि लाइन माझ्या डोक्यावर पडून गुंता होत असे. “जोर नको, थांबा,” आजोबा म्हणे. “लाइन मागे गेली की ती सरळ होईपर्यंत थांबा. मग पुढे.” ते थांबणे फार अवघड. माणसाला मागे काय चालले आहे ते दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून तो घाई करतो. एके दिवशी तो म्हणाला, “फादर, तुम्ही प्रवचनातसुद्धा थांबत नाही.” मला राग आला. पुढच्या रविवारी मी थांबलो. आणि लोक माझ्याकडे पाहू लागले. पुढे डाव्या हाताने लाइनीला योग्य क्षणी हिसका देऊन तिचा वेग वाढवायचे शिकलो. वाऱ्याला तोंड देताना त्यावाचून चालत नाही. फेकण्याच्या खांद्यावरून वारा येत असेल तर गळ आपल्याच कानात बसण्याचा संभव असतो, हेही शिकलो. हा धडा मी एकदाच घेतला.

हिवाळ्यात केप कॉडचे पट्टेरी बास दक्षिणेकडे निघून जातात आणि माणसे घरात बसून फ्लाय बांधतात. आजोबाच्या सुतारकामाच्या टेबलाला एक लहानसा व्हाइस जोडलेला होता. त्यात गळ पकडून ठेवायचा आणि दोन्ही हात मोकळे ठेवायचे. त्याने मला प्रथम शिकवली ती बॉब क्लाउझर यांची मासोळी. क्लाउझर हे पेन्सिल्व्हेनियाचे. १९८०च्या दशकात सस्क्वेहाना नदीतल्या बाससाठी त्यांनी ती बांधली, आणि पुढे ती जगभरच्या समुद्रांत चालली. तिच्यात युक्ती एवढीच की धातूचे दोन जड डोळे गळाच्या दांडीवर वरच्या बाजूने बांधलेले असतात. त्या वजनाने गळ पाण्यात उलटा होतो, टोक वर राहते आणि तळाच्या दगडात अडकत नाही. शिवाय लाइन ओढणे थांबवले की मासोळी डोक्यावर खाली जाते आणि ओढली की उसळते. जखमी मासा धडपडावा तशी.

ज्यांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी कृती देतो. गळाच्या दांडीवर दोऱ्याचा एक थर द्यावा. नेढ्यापासून दांडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतके मागे, डोळे इंग्रजी आठाच्या आकाराचे वेढे देऊन घट्ट बांधावेत. मग पांढऱ्या केसांची काडीएवढी जुडी डोळ्यांच्या पुढे बांधावी, डोळ्यांमधून मागे न्यावी आणि मागे पुन्हा एकदा आवळावी. आता गळ व्हाइसमध्ये उलटा करावा. चमकणारे चार-सहा धागे लावावेत, त्यावर पिवळसर हिरव्या केसांची तेवढीच जुडी बांधावी. दोऱ्याने डोके निमुळते करावे, गाठ मारावी, वर डिंकाचा एक थेंब. संपले. अनुभवी माणसाला पाच मिनिटे लागतात. मला पहिलीला पाऊण तास लागला आणि ती दाढी करण्याच्या ब्रशसारखी दिसत होती. नवशिक्याच्या चुका इथेही ठरलेल्या : केस फार घेणे आणि नेढ्यापाशी जागा न ठेवणे. केस जास्त झाले की मासोळी नीट बुडत नाही, आणि तिच्यातून उजेड जात नाही. खऱ्या लहान माशाचे अंग अर्धे पारदर्शक असते. “निम्मे केस काढा,” आजोबा म्हणे, मी काढले की म्हणे, “आता त्याचे निम्मे.”

दुसरी मासोळी लेफ्टी क्रे यांची. हे मेरीलँडचे, १९४७ साली जो ब्रुक्स यांनीच त्यांना या विद्येत आणले. १९५०च्या दशकाच्या अखेरीस चेसापीक उपसागरात मासे धरताना त्यांना एक अडचण सारखी येई : फेकताना लांब पिसे गळाच्या बाकाभोवती गुंडाळत. त्यांनी पिसे दांडीच्या मागच्या टोकाला बांधली आणि डोक्याशी हरणाच्या शेपटीच्या केसांची झालर दिली. पाण्यातून उचलताच ती पाणी झटकते, बारीक होते आणि वाऱ्यात सरळ जाते. १९९१ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने तिचे तिकीट काढले. तिचे नाव ‘डिसीव्हर’, म्हणजे फसवणारी. हे नाव बांधताना माझ्या घशाशी येई. ज्याचे काम लोकांना सत्य सांगण्याचे, तो रात्री दिव्याखाली बसून फसवणूक बांधतो आहे! मी हे बोलून दाखवले तेव्हा आजोबा म्हणाला, “ती माशाला फसवते. तुम्हाला फसवणार नाही. वाईट बांधली असेल तर ती पाण्यात लगेच सांगेल.”

एक गोष्ट मी त्याला कधी सांगितली नाही. एका संध्याकाळी गळाभोवती दोरा फिरवत असताना माझे लक्ष माझ्याच डाव्या हाताकडे गेले. करंगळीने सैल दोरा धरलेला, अंगठा आणि तर्जनी गाठीवर, दात खालच्या ओठावर. हे मला कोणी शिकवले नव्हते. जाळ्याची गाठ वेगळी, गळावरची वेगळी. पण दोरा ताणून धरण्याची ती रीत पाचूबंदरच्या ओट्यावरची होती. पुस्तकाच्या हातांनी तीस वर्षे ती जपून ठेवली होती. मी काम थांबवून बराच वेळ बसून राहिलो.

पहिला मासा २०१७च्या जूनमध्ये मिळाला. केप कॉडच्या आतल्या बाजूस ब्रूस्टर नावाच्या गावासमोर ओहोटीला समुद्र मैलभर मागे हटतो आणि वाळूची विस्तीर्ण मैदाने उघडी पडतात. भरतीचे पाणी चढू लागले की बास त्या मैदानांवरच्या उथळ पाण्यात वाळूत दडणाऱ्या बारीक, सडपातळ मासोळ्यांच्या शोधात येतात. पहाटे गुडघाभर पाण्यात उभे राहून आम्ही लाइन फेकत होतो. आधी दोन मासे मी घालवले. मासा लागल्याबरोबर काठी वर उचलायची, हे नदीतले. समुद्रात काठी माशाच्या दिशेने सरळ ठेवून हातानेच लाइन ओढून गळ रोवायचा असतो. तिसऱ्या वेळी हाताने योग्य ते केले. लाइन बोटांतून जळत गेली, रीळ ओरडू लागले. दहा मिनिटांनी तो माझ्या पायाशी होता : चंदेरी अंग, त्यावर सात-आठ काळ्या रेघा, सव्वीस इंच लांब. “हात ओले करा,” आजोबा म्हणाला. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचे संरक्षक बुळबुळीत आवरण निघून जाते. गळाचा उलटा काटा आम्ही आधीच पकडीने दाबून सपाट केला होता, म्हणून तो सहज सुटला. मी मासा पाण्यातच धरून, तोंड प्रवाहाकडे करून थांबलो. त्याचे कल्ले उघडले, मिटले. मग शेपटीचा एक फटकारा माझ्या मनगटावर बसला आणि तो गेला.

त्या रात्री आनंदाच्या भरात मी भावाला फोन केला. त्याने सर्व नीट ऐकून घेतले. मग विचारले, “अरे फादर, खायचा नव्हता तर त्याला त्रास कशाला दिलास?”

मी कायद्याचे उत्तर दिले, आणि ते खोटे नव्हते. पट्टेरी बास हा मासा जवळजवळ संपत आला होता. १९८४ साली अमेरिकेत त्याच्या रक्षणाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. मेरीलँड राज्याने १९८५ ते १९९० तो धरणेच बंद ठेवले. १९९५ साली तो सावरल्याचे जाहीर झाले; पण पुढे पुन्हा उतरती कळा लागली, आणि २०१९च्या पाहणीत तो प्रमाणाबाहेर धरला गेल्याचे आढळले. २०२३ पासून समुद्रात हौशी माणसाला दिवसाला एकच मासा ठेवता येतो, तोही २८ ते ३१ इंचांमधला. मी सोडला तो मासा कायद्याने सोडावाच लागला असता.

पण भावाचा प्रश्न कायद्याचा नव्हता. आणि पुढे एक गोष्ट समजली तिने तो आणखी टोकदार झाला. या माशाची गणती करणारे शास्त्रज्ञ कित्येक वर्षे असे धरत आले आहेत की सोडून दिलेल्या दर शंभर माशांपैकी नऊ मरतात. आपल्यादेखत ते पोहत जातात, मरतात नंतर. म्हणजे मी हसतमुखाने अकरा मासे सोडले तर त्यातला एक बहुधा मी मारलेला असतो, आणि तो कोणाच्या ताटात पडत नाही. मी आजोबाला विचारले. त्याने शांतपणे सांगितले, “म्हणून मी तीन मासे झाले की घरी जातो. आणि पाणी फार तापले असेल तर येतच नाही.” तो हिशेब त्याने आपल्यापुरता करून ठेवला होता. मी तो तसाच घेतला. पण तो पाळायला एका सकाळीची शिक्षा लागली.

२०१८च्या जुलैमध्ये मी ब्रूस्टरच्या मैदानावर एकटा गेलो होतो. तीन मासे झाले होते. चौथ्यासाठी थांबलो. समुद्रावरून धुके आले आणि पाच मिनिटांत किनारा नाहीसा झाला. सगळीकडे सारखेच पांढरे. आवाजही कोणत्या बाजूने येतो ते समजेना. भरती सुरू झाली होती. मी जिथे उभा होतो तिथे पाणी घोट्यापर्यंतच होते म्हणून मी निर्धास्त होतो. आणि तेवढ्यात वडिलांचे एक वाक्य आठवले. आम्ही मुले खाडीत चिखलावर खेळायला जात असू तेव्हा ते ओट्यावरून ओरडत : “पुढे बघू नका, पाणी पाठीमागून येते!” खरेच आहे, सखल पन्हळी आधी किनाऱ्याच्या बाजूने भरतात, आणि माणूस उंचवट्यावर कोरडा राहून अडकतो. आजोबाने दिलेले होकायंत्र गळ्यात होते, ज्याला मी हसलो होतो. किनारा दक्षिणेला. मी काटा पाहत चालू लागलो. दोन पन्हळी मांडीपर्यंत पाण्यातून, एक छातीपर्यंत. वाळूला पाय लागून शेवटी गवत दिसले तेव्हा मी गुडघ्यांवर बसलो. वडिलांना मी कधी प्रश्न विचारला नव्हता, आणि तरी त्यांनी मला उत्तर देऊन ठेवले होते.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये लेफ्टी क्रे वारले. आजोबा मिस्सेच्या आधी येऊन म्हणाला, “आज माझ्या एका शिक्षकासाठी प्रार्थना करा. मी त्यांना कधी भेटलो नाही.” मी त्यांचे नाव घेतले. २०१९ साली मी परत निघालो तेव्हा त्याने आपला व्हाइस कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवला.

आता मी पुन्हा आपल्या किनाऱ्यावर आहे. इथे आल्यावर भावाच्या प्रश्नाला दुसरी बाजू आहे हे दिसले. समुद्रात मासा कमी झाला आहे, हे आमच्या गावात कोणाला सांगावे लागत नाही. जून आणि जुलै हे दोन महिने, एकसष्ट दिवस, यांत्रिक नौकांना बंदी असते. उरलेल्या दिवसांतही कधीकधी डिझेलचा खर्च निघत नाही. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने चोपन्न जातींच्या माशांचा किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासा धरू नये. नियम चांगला आहे. मी तो भावाला उत्साहाने वाचून दाखवला आणि म्हणालो, “आता तुम्हीही सोडणार.” तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तू एकेक धरतोस, जिवंत. बघतोस आणि सोडतोस. माझ्या डोलीतून वर येतो तो बहुतेक मेलेलाच असतो. मेलेला सोडून काय करू?”

त्या क्षणी मला माझी सारी कला फार हलकी वाटली. सोडून देणे हे ज्याचे पोट दुसऱ्याच्या अन्नावर भरते त्याचे सौजन्य आहे. मला भाविकांच्या घरचे जेवण येते. म्हणून मी उदार आहे. ग्रीक नव्या करारात ‘गळ’ हा शब्द एकदाच आला आहे, संत मत्तयच्या सतराव्या अध्यायात, पेत्राला कराचे नाणे मिळते त्या प्रसंगी. बाकी सगळीकडे जाळी आहेत. सेमिनरीत मी हे पाठ केले होते. त्याचा अर्थ मला भावाने समजावला. गळ एकाचा असतो, त्याला निवड करता येते. जाळे घराचे असते, त्याला निवड नसते. गळवाल्याने जाळेवाल्याला उपदेश करू नये. आळी लहान की मोठी, बंदी किती दिवस, मोठ्या नौकांनी किनाऱ्याच्या किती जवळ यावे, हे प्रश्न सोडवायचे असतील तर ते जाळेवाल्यांबरोबर बसूनच सोडवावे लागतील.

तरी मी गळ टाकलेला नाही. गेल्या पावसाळ्यात, बंदीच्या दिवसांत, मी आपल्या खाडीतल्या जिताड्यासाठी मासोळी बांधायला घेतली. ओहोटीला लहान ओहळांतून पाणी खाडीत उतरते आणि त्याबरोबर बारीक मासळी येते. जिताडा तोंडाशी वाट पाहतो. हरणाची शेपटी आपल्याकडे शोधायचीच नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि तो असावा. बोकडाचे लांब केस चांगले चालतात. गावठी कोंबड्याच्या पाठीवरची पिसे तर आजोबाच्या पाकिटातल्या पिसांहून सरस. सोनेरी धागा घालून मी एक मांदेली बांधली आणि व्हाइसमध्येच ठेवून भावाला दाखवली. माझ्या मते ती उत्तम होती.

त्याने चष्मा लावला. वाकून पाहिले. “पोट बरोबर आहे,” तो म्हणाला. “शेपूट चुकले. मांदेली मागे अशी तुटक संपत नाही, निमुळती होत होत दोऱ्यासारखी जाते. तुझी ही तारली झाली.” आणि खुर्ची पुढे ओढून त्याने दोरा हातात घेतला. करंगळीने सैल दोरा धरला, अंगठा गाठीवर, दात ओठावर. मी नुसता पाहत राहिलो. मी विचारले, “बाबांना उधाणाच्या कितव्या दिवशी जास्त मांदेली मिळायची?” तो बांधता बांधता सांगू लागला.

जिताडा अजून लागलेला नाही. भावाचा प्रश्न अजून तसाच आहे, आणि तीन माशांचा नियमही. इथे एकच लागला तरी मी तो घरी नेऊन कालवण करीन म्हणतो. पण रविवारी संध्याकाळी भाऊ येतो, आम्ही दोघे दिव्याखाली बसतो. शेपूट आता बरे जमू लागले आहे.